बोटरला खाली आणायचं कसं

आमच्या घराचा जिना ज्याने बांधला त्याला जागा वाचवायची होती, माणसं नाही. होर्न या आमच्या बंदराच्या गावातल्या जुन्या घरांचे जिने सगळे असेच. शिडी उभी करायची, बाजूला धरायला एक जाड दोर सोडायचा, झाला जिना. पायरीवर पाऊल अर्धंच मावतं आणि उतरताना पाठमोरं उतरावं लागतं. म्हणून आमच्याकडे कपाटं, पलंग असलं सामान जिन्याने जात नाही. छपराच्या टोकाशी एक तुळई बाहेर आलेली असते, तिला लोखंडी आकडा. सामान दोराने वर चढतं आणि खिडकीतून आत येतं. याची आम्हाला इतकी सवय की घर घेताना जिन्याचा विचार कुणी करत नाही. मी तो कुत्रं घेतानाही केला नाही.

बोटर आला तेव्हा सशाएवढा नसला तरी कुशीत मावेल एवढा होता. लिओनबर्गर जातीचा. त्याचे आईबाप मी पाहिले होते, दोघांची पाठ माझ्या कमरेला लागत होती. पण पिल्लू हातात आलं की माणसाची अक्कल गहाण पडते, तसं माझं झालं. बोटर म्हणजे आमच्या भाषेत लोणी, हे नाव सीबाने ठेवलं. सीबा माझा धाकटा, तीन वर्षांचा, त्या दिवसांत लोण्याशिवाय काही खात नव्हता.

पिल्लू दिलं फ्रीसलंडच्या वीत्स्केबाईंनी. त्यांनी आमची अशी उलटतपासणी घेतली की मुलगी मागायला गेलो असतो तर सोपं गेलं असतं. शेवटी एकच अट घातली. दीड वर्षाचा होईपर्यंत जिना चढायचा नाही, उतरायचा तर नाहीच.

"यांचं वजन आधी येतं, हाडं मागून येतात," त्या म्हणाल्या. "उचलून न्या, नाहीतर खाली ठेवा. जिन्यावर चढवलात तर पिल्लू माझं. मी घेऊन जाईन, रडारड ऐकणार नाही."

माझ्या नवऱ्याने, योरितने, हात पुढे केला. मीही केला. आमच्याकडे हात मिळवला म्हणजे झालं.

योरित समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीचं काम करतो. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. फेना, माझी थोरली, सहा वर्षांची, माळ्यावर झोपते. झोपते म्हणजे बाप घरी असताना. बाप समुद्रावर गेला की माळ्यावरची कौलं वाजायला लागली रे लागली, ही टक्क जागी. "आई, बाबांकडे पण एवढाच वारा आहे का?" मी म्हणायची, कमी आहे गं. ती माझ्याकडे अशी बघायची की मलाच लाज वाटावी. आमच्या गल्लीच्या टोकाला बंदर आहे. वारा कुठून येतो हे तिला कळत होतं.

मग पहिल्याच आठवड्यात समुद्रावर निघायच्या संध्याकाळी योरितने बोटरला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि माळ्यावर नेऊन फेनाच्या पलंगाशी ठेवलं. तो गेल्यावर तिने हात खाली सोडला, त्याच्या केसांत बोटं घातली आणि झोपून गेली. वारा होता, कौलं वाजत होती, आणि पोर घोरत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. त्या दिवशी मला हे कुत्रं आवडलं. त्याआधी नव्हतं आवडलं, उगाच कशाला खोटं बोलू.

योरित समुद्रावर गेला की बोटरला मी उचलून नेत होते. मी नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते, दंड बरे आहेत माझे. पण हे पिल्लू वाढत होतं म्हणजे काय वाढत होतं! सकाळी टेबलाखालून जाणारं कुत्रं दुपारी टेबलाला पाठ घासत होतं. शेपटीचा एक फटकारा बसला की सीबा आडवा. पुढे पुढे तो इतका तयार झाला की शेपूट येताना दिसली की आपणच खाली बसायचा. पाणी पिऊन बोटर घरभर दाढी निथळत फिरायचा आणि त्याच्यामागून सीबा पायमोजे भिजवत. कुत्र्यावर बसायचं नाही, हे मी दिवसातून किती वेळा ओरडले असेन त्याला गणती नाही. "उतर! सोड! तोंडातून काढ आधी!" समोरच्या घरातले आउके एकदा म्हणाले, "रूलीन, तू ओरडतेस ते कुत्र्याला की पोरांना, तेवढं सांगत जा. माझ्या हातातला चमचा खाली पडतो."

पाचव्या महिन्यात माझे हात टेकले. बोटरला घेऊन चढताना माझा पाय घसरला, दोन पायऱ्या खाली आले, दोराने वाचवलं. त्यानंतर ठरवलं, बस्स. या वेळी योरित गेला तसा बोटर खाली, स्वयंपाकघरात, आणि फेना वर. बोटर खाली कुईकुई करत राहिला. फेना रडत नाही, तोच तर त्रास आहे. ती वरच्या पायरीवर येऊन गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मी तिच्या एक पायरी खाली. मी तिला सांगायची झोप, आणि मला तरी कुठे झोप येत होती! वाऱ्याचा जोर वाढला की कौलांकडे कान लावून बसायची ती मीच. तिला ते माझ्याकडूनच लागलं असणार. शाळेतून फोन आला, फेना गोष्टीच्या तासाला बाईंच्या मांडीवर झोपली आणि उठेना.

कुणी म्हणेल, मग पोरीलाच खाली का नाही झोपवलं? खाली आमची एकच मोठी खोली आहे, रस्त्याकडे मोठी खिडकी असलेली. पडदा नाही. आमच्या गल्लीत कुणाकडेच पडदा नाही, आमच्या आईच्या मते पडदा लावणाऱ्याकडे काहीतरी लपवण्यासारखं असतं. पण पडद्याचं सोडा. त्या खिडकीत पलंग कधी लागतो? घरातल्या कुणाला जिना चढवेनासा होतो तेव्हा. माझ्या सासऱ्यांचा पलंग तिथे लागला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले लोक सूप घेऊन यायला लागले. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांना कळलं होतं. सासरे त्या पलंगावरून उठले नाहीत. त्या खिडकीत मी पुन्हा पलंग लावणार नव्हते, आणि नवरा वाऱ्यात उंच टांगलेला असताना तर मुळीच नाही. खुळचटपणा म्हणा हवं तर.

अशात वीत्स्केबाईंचा फोन आला. सगळी पिल्लं पाच महिन्यांची झाली, मी एकेकाला बघून येतेय, शनिवारी साडेदहाच्या कॉफीला येते. मी म्हटलं, या ना. दुसरं काय म्हणणार!

शनिवारी सकाळी मी घर असं घासलं की जणू वीत्स्केबाई जमिनीवर बसून जेवणार होत्या. मग बादली घेऊन बाहेरून खिडकी पुसायला गेले. सीबा बाहेरच्या बाकावर बसून पाव चघळत होता. मी काच पुसता पुसता आत पाहिलं तर बोटरची टोपली रिकामी.

"सीबा, बोटर कुठे?"

त्याने पावासकट बोट वर केलं. मी वर पाहिलं. माळ्याच्या खिडकीतून बोटरचं डोकं बाहेर आलं होतं. जीभ लोंबत होती, कान वाऱ्यावर उडत होते, आणि चेहऱ्यावर असा आनंद की घरमालक तोच असावा.

मी जिना कसा चढले आठवत नाही. पायरीपायरीवर लिव्हर सॉसेजचा वास येत होता. फेना पलंगावर बसली होती, हातात सॉसेजचं रिकामं साल.

"तो स्वतः चढला, आई. मी ढकललं नाही. एकेका पायरीवर तुकडा ठेवला, बास. त्याला येतं चढता."

"आणि उतरता?"

तिने हातातल्या सालाची गुंडाळी केली. "ते अजून शिकवलं नाही."

मी बोटरला जिन्याच्या तोंडाशी आणलं. त्याने पुढचा पाय खाली टाकला, खाली पाहिलं, पाय मागे घेतला आणि तिथेच बसला. मांड्या थरथरत होत्या. मी त्याला कवेत घ्यायचा प्रयत्न केला, तो ओल्या वाळूच्या पोत्यासारखा चहूबाजूंनी निसटला. एवढा ऐवज घेऊन या जिन्याने पाठमोरं उतरायचं म्हणजे एक तर त्याची हाडं जाणार नाहीतर माझी. घड्याळात दहा वाजायला आले होते. मी कपाळाला हात लावला.

"आई, त्या बाई त्याला घेऊन जातील?" फेनाने विचारलं.

"हो," मी म्हटलं. रागाने म्हटलं. तिचा चेहरा पाहिला आणि जीभ चावली, पण बोललेलं परत कुठे घेता येतं!

खालून आउकेंची हाक आली. आउके सत्तरीचे, बायको गेल्यापासून त्यांचं सगळं लक्ष आमच्या खिडकीकडे असतं. सपाता घालूनच रस्ता ओलांडून आले होते.

"रूलीन, लोणी एवढं वर का ठेवलंस? मांजर आलंय का घरात?"

"आउके, मला आत्ता थट्टा नको आहे. तो उतरत नाही. आणि ती बाई येतेय."

आउकेंनी तुळईकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. "तुझ्या सासऱ्यांचा पियानो मी याच आकड्यावरून उतरवलाय. कप्पी बोटीत आहे. शिडाचं जुनं कापडही आहे. हा तर पियानोपेक्षा हलका."

"पियानो हलत नाही, आउके."

"हलतो. तू तेव्हा या घरात आली नव्हतीस."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी हो म्हटलं. आउके कप्पी घेऊन आले, मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती आकड्यात अडकवली. शिडाचं कापड माळ्यावर पसरलं, बोटरला वर उभं केलं, चारी टोकं त्याच्या पाठीवर आणून दोराला बांधली. आउकेंनी खालून गाठ कशी मारायची ते ओरडून सांगितलं, मी ती मारली, त्यांनी मोडायला लावली, पुन्हा मारायला लावली. फेना बोटरच्या कानात काहीतरी सांगत होती. तो तिचं तोंड चाटत होता. त्याला वाटलं असणार, आज काहीतरी छान चाललंय.

"सोडू?" मी विचारलं.

"सोड. आणि माझ्याकडे बघू नकोस, कुत्र्याकडे बघ."

बोटर खिडकीतून बाहेर गेला. झोळी एकदा गर्रकन फिरली. मग तो स्थिर झाला. झोळीच्या वरून त्याचं डोकं बाहेर आलं होतं, मागून शेपूट. छपरांच्या वरून त्याला बंदर दिसत असणार, कारण तो तिकडेच नाक करून वारा हुंगत होता. आउके हळूहळू दोर सोडत होते. पहिला मजला आला आणि वाऱ्याचा एक झोत आला. झोळी भिंतीकडे झुलायला लागली. झोळीला एक दोर खाली लोंबत सोडला होता, भिंतीपासून लांब धरायला. पण आउकेंचे दोन्ही हात गुंतलेले, आणि तो दुसरा दोर धरायला खाली सीबाशिवाय कुणी नव्हतं.

त्याच वेळी गल्लीत एक लांबडी गाडी येऊन थांबली. साडेदहा वाजले नव्हते. वीत्स्केबाई उतरल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आत रिकामा पिंजरा होता. मग त्यांनी वर पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, मला जन्म गेल्यासारखा वाटला.

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. "कोणता दोर?" एवढंच विचारलं.

"तो लोंबतोय तो," आउके म्हणाले. "आणि भिंतीपासून लांब ओढा, बाई."

वीत्स्केबाईंनी दोर धरला, मागे रेलल्या, आणि बोटर सरळ खाली आला. पाय टेकल्यावर त्याने त्यांचं तोंड चाटलं, मग आउकेंचं, मग सीबाच्या हातातला पाव खाल्ला.

कॉफी मी केली. अर्धी बशीत सांडली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बिस्किटांचा डबा एकदा फिरवला आणि बंद केला. वीत्स्केबाईंनी बोटरचे कोपर दाबून पाहिले, मांड्या वाकवून पाहिल्या, त्याला फरसबंदीवर चालवून आणलं. आउके जायचं नावच घेत नव्हते.

"हाडं ठीक आहेत," वीत्स्केबाई शेवटी म्हणाल्या. "अजून. वर कुणी नेलं?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

"मी नेलं," फेना म्हणाली. "आईने नाही. मी सॉसेज ठेवलं."

"का?"

"वारा होता."

वीत्स्केबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, योरितचं काम, माळा, कौलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, तलावावर चढतो तसा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फेनाकडे वळल्या.

"वारा कधी नसतो मग?"

"बाबा घरी असले की."

आउकेंनी कप खाली ठेवला.

"हे बघ पोरी," वीत्स्केबाई म्हणाल्या, "त्याला खाली येता येत नाही. तुला येतं. मग तू का नाही त्याच्यापाशी येऊन झोपलीस?"

फेनाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढंही यांना कसं कळत नाही. "खाली पलंग नाही लावायचा. खाली लावला की माणूस मरतो. आजोबा मेले. आता बाबा मरतील."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. मी रोज त्या खिडकीकडे कशी बघते ते तिने पाहिलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की रागच आला, आणि तो वीत्स्केबाईंवर निघाला.

"तू शेवटची नीट कधी झोपलीस?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्या झोपेशी तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कुत्रं बघायला आलात ना?"

"कुत्र्याचंच विचारतेय. घरातलं मोठं माणूस जागं असलं की पिल्लू शांत होत नाही. पोरंही होत नाहीत." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "मी अट घातली होती. गाडीचं दार उघडं आहे. आज ना उद्या हा पुन्हा वर जाणार, कारण त्याला हवी ती वर आहे. तू सांग, मी काय करू?"

फेनाने बोटरच्या मानेत हात घातला. ती रडली नाही. माझी पोर रडत नाही. बोटरने तिच्या मांडीवर अर्धं अंग टाकलं आणि डोळे मिटले.

मी उठले. "आउके, कप्पी काढलीत?"

"अजून नाही."

"मग राहू दे. फेनाचा पलंग उतरवायचाय. नंतर माझा. सीबाचाही."

"कुठे लावणार?" आउकेंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"तिथेच," मी म्हटलं. "दुसरी जागा कुठे आहे?"

वीत्स्केबाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, आता पिंजरा आणतील. गाडीचं मागचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला. त्या परत आत आल्या, बाह्या वर सारत. "पलंग जड आहे का?" त्यांनी विचारलं.

दुपारपर्यंत तिघांचे पलंग त्या मोठ्या खिडकीत लागले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची नानिंग वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि दारात उभी राहून हळूच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतात?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, कुत्र्याने जिना चढायचा नाही." ती गेली, पण सूप ठेवून गेली. सोमवारी ट्यूलिप आले, त्यानंतर सफरचंदाचा केक. आउके म्हणाले, आणखी आठवडाभर पलंग ठेव, मला रोज जेवायला बोलाव. येणारेजाणारे आम्हाला झोपायच्या कपड्यांत बघून मान लवायचे आणि सीबा पलंगावर उभा राहून हात हलवायचा.

पहिल्या दिवशी मला तिथे अंग टाकवेना. पण बोटर आमच्या तिघांच्या मधल्या जागेत पसरला, एकाला पाय लावून, एकाला पाठ लावून. बाहेर वारा होता. फेनाचा हात खाली आला, सीबाचाही. मग माझाही गेला. त्या केसांत आम्हां तिघांची बोटं एकमेकांना लागली. फेनाने डोळे न उघडता म्हटलं, "आई, तू पण?" मी म्हटलं, "मी पण." एवढं बोलून ती झोपली, आणि मग मला काहीच आठवत नाही, म्हणजे मीही झोपले.

हे मी योरितला फोनवर सांगितलं नाही. उंचावर काम करणाऱ्या माणसाला फोनवर काय काय सांगायचं नाही याची मला सवय आहे. घरी आला की बघेल, म्हटलं. त्याने त्याच्या बापाचा पलंग त्याच खिडकीत लागलेला पाहिला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तो रविवारी सकाळी आला. उजाडून बराच वेळ झाला होता. एरवी बाप यायच्या दिवशी फेना पहाटेच उठून दारापाशी बसायची. मला जाग आली ती काचेवर सावली पडली म्हणून. योरित रस्त्यात उभा होता, पाठीवर पिशवी, आणि खिडकीतल्या पलंगांकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आम्ही तिघंही निपचित पडलेले. तो एकेका पलंगाकडे बघत होता, कोण आजारी आहे ते शोधत.

मग मधून बोटरचं डोकं वर आलं. त्याने योरितला पाहिलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटली, आणि फेनाचा हात त्याच्या मानेवरून सरकला म्हणून पुन्हा डोकं खाली ठेवलं. फेनाने कूस बदलली. उठली नाही. तिने तोंड उघडं टाकलं होतं आणि ती घोरत होती.

योरितने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागले तर त्याने काचेवर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. दारावरची बेल त्याने वाजवली नाही. पिशवी खाली ठेवली, बाहेरच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसला, आणि पोर उठेपर्यंत तिथेच बसून राहिला. गल्लीत कुणी मोठ्याने बोलायला लागलं की तो ओठांवर बोट ठेवत होता.